घरपट्टी थकते तेव्हा

फेब्रुवारी सरत आला की सोलापुरात रिक्षा फिरायला लागते. वर भोंगा, आत एक कर्मचारी आणि ठरलेला मजकूर: मिळकत कराची थकबाकी भरा, नाहीतर नळ तोडला जाईल, मिळकत जप्त होईल. साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक, दत्तनगर हा सगळा आमचा पूर्व भाग. इथं ती रिक्षा हळू चालते, कारण गल्ल्या अरुंद आणि सुताचे गठ्ठे लादलेली एखादी गाडी कायम आडवी. ज्यांनी पट्टी भरलीय ते ऐकतही नाहीत. ज्यांची थकलीय ते दारातून उठून आत जातात.

मी या भागात शिक्षिका म्हणून उमेदीची वर्षं घालवली. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात थोडी कन्नड अशी इथली माणसं. बोलायला तीन भाषा, पण सरकारी कागद आला की "बाईंना दाखव". त्यामुळे रेशनचे, विजेचे, पतसंस्थेचे, दवाखान्याचे कितीतरी कागद माझ्या हातांखालून गेले. त्यात घरपट्टीचा कागद वाचून दाखवणं सगळ्यांत अवघड. त्यातले शब्द ऐकणाऱ्याला कळत नाहीत हे एक, आणि कळले की त्याचा चेहरा बघवत नाही हे दुसरं.

शेजारच्या लक्ष्मव्वा मागणीची नोटीस घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात सूप होतंच. विडी वळणाऱ्या बाईला रिकाम्या हातानं बसवत नाही. उंबऱ्याशी बसल्या, सूप मांडीवर घेतलं, आणि मी वाचत होते तितका वेळ त्यांचे हात चालू होते. पान घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायची, टोक दुमडायचं, धागा. नजर माझ्या तोंडाकडे. मी आकडा शोधत होते. त्यांनी आकडा विचारलाच नाही. "बाई, नाव कुणाचं हाय तेवढं बघा की," म्हणाल्या.

नाव त्यांच्या सासऱ्यांचं होतं. सासरे वारून जमाना झाला. त्यांच्यामागे मुलगा, म्हणजे अव्वांचा नवरा, तोही गेला. नोटीस मात्र अजून सासऱ्यांनाच उद्देशून होती: आपण मुदतीत रक्कम न भरल्यास आपल्याविरुद्ध पुढील कारवाई करण्यात येईल.

तिथपासून हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे. वाचत गेले, जाणत्यांना विचारत गेले, आणि एक गोष्ट पक्की होत गेली. घरपट्टीसाठी घर विकायची वेळ येते, ती बहुतेक वेळा 'भरायची नाही' म्हणणाऱ्या माणसावर येत नाही. ती येते ज्याचं घर आणि ज्याचा कागद यांची कधीच गाठ पडलेली नाही, त्याच्यावर.

आधी कराबद्दल. कर भरला पाहिजे, यात मला शंका नाही. इथं लोक म्हणतात, पाणी चार-पाच दिवसांआड येतं, मग पट्टी कशाला? राग खरा आहे. उजनीचं धरण जिल्ह्यात असून नळाची वाट बघत रात्र काढायची, याचा संताप मलाही येतो. पण गल्लीतला दिवा, ड्रेनेज, कचऱ्याची गाडी, मी ज्यांना शिकवलं त्या पोरांच्या शाळा, हे सगळं याच पट्टीवर चालतं. १ मे १९६४ ला सोलापूरची महानगरपालिका झाली. जकात होती तोवर शहराच्या तिजोरीचा मोठा भार जकातीवर होता. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेला, आणि शहराला स्वतःची म्हणावी अशी मोठी कमाई उरली ती घरपट्टीच. वसुलीची ही घाई कुठून येते, ते मला समजतं.

बिल जवळून पाहिलंत तर त्यात एक कर नसतो, करांची उतरंड असते. सर्वसाधारण कर, पाण्याचा, सफाईचा, मलनिस्सारणाचा, अग्निशमनाचा, वृक्ष कर, आणि शासनासाठी गोळा केला जाणारा शिक्षण कर. जागा बिगरनिवासी असेल तर त्यावर रोजगार हमीचा करही. राज्यात १९६२ सालच्या कायद्यानं हे शेवटचे दोन कर पालिकेच्या बिलातून वसूल होतात आणि शासनाकडे जातात. हे सगळं बसतं करयोग्य मूल्यावर. घर वर्षाला किती भाड्यानं जाऊ शकेल ते धरायचं, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य.

'बिगरनिवासी' हा शब्द पूर्व भागात फार महत्त्वाचा. इथली घरं एका विशिष्ट पद्धतीची. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, वर माळा. टॉवेल आणि चादरी ज्या खोलीत विणल्या जायच्या तिच्याच भिंतीला देवघर. कर आकारणाऱ्यानं पुढची खोली कारखाना म्हणून लावली, आणि ते बरोबरच होतं. पुढं मागणी घटली, सूत महागलं, वीज महागली, लक्ष्मव्वांकडचे माग किलोच्या भावानं भंगारात गेले. ज्या खोलीत माग होते तिथं आता नातवाचा पलंग आहे. बिलात मात्र ती खोली अजून कारखानाच आहे. वापर बदलला की अर्ज करायचा असतो, तशी पद्धत आहे. पण माग विकून आलेल्या दिवशी कोण अर्ज लिहायला बसतं? आणि अर्जावर सही कुणाची? बिलावर नाव आहे त्याची. तो तर भिंतीवर हार घातलेल्या फोटोत.

आता शास्तीचा, म्हणजे दंडाचा हिशेब. थकलेल्या रकमेवर दर महिना दोन टक्के. म्हणजे वर्षाला चोवीस. घरासाठी बँकेतून कर्ज काढलं तर याच्या निम्म्याहून कमी व्याज पडतं, म्हणजे चोवीस म्हणजे काय ते कळावं. समजा वर्षाची पट्टी ४,००० रुपये आहे आणि दहा वर्षं भरली गेली नाही. मुद्दल झाली ४०,०००. एका वर्षाच्या थकलेल्या बिलावर वर्षाची शास्ती ९६० रुपये. पहिल्या बिलावर नऊ वर्षांची, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर सात, असं उतरत बेरीज केली तर ४३,२००. शास्ती मुद्दलीला मागं टाकून गेली. मी हा हिशेब पाटीवर मांडून दाखवला तेव्हा अव्वांची सून म्हणाली, "म्हणजे आम्ही आजपासून दर साल भरलं तरी हे वाढतच राहणार?" हो. जुनं फेडल्याशिवाय वाढत राहणार.

ज्याच्याकडे पैसे आहेत आणि जो भरत नाही, त्याला ही शास्ती टोचली पाहिजे, त्यासाठीच ती आहे. ज्याच्याकडे नाहीत, त्याला ती टोचत नाही. ती फक्त दर महिन्याला त्याला घरापासून थोडं थोडं लांब नेते. मध्येच एखाद्या वर्षी अभय योजना निघते, लोकअदालत लागते, शास्तीत सूट मिळते. पण सूट मिळवायला उरलेली रक्कम बहुधा एकदम भरावी लागते. महिन्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात एकदम रक्कम येते कुठून? सोनं मोडून, नाहीतर दहा-पंधरा हजारांचं बचत गटाचं कर्ज काढून.

कायद्याची वाट ठरलेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम मूळचा १९४९ चा. त्यातल्या १२८ कलमाप्रमाणे आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जंगम मालाची जप्ती आणि विक्री, आणि स्थावराची, म्हणजे घराची जप्ती आणि विक्री. कलम १४१ सांगतं की पट्टीचा बोजा त्या घरावरचा पहिला बोजा आहे. जमीन महसूल तेवढा त्याच्या आधी. बँकेचं गहाण असलं तरी पट्टी पुढं. आकारणीच चुकीची आहे असं वाटलं तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, पण ते पंधरा दिवसांत आणि मागितलेली रक्कम आधी भरून. ज्याच्याकडे ती रक्कम असती, त्याला अपिलाची गरज कशाला पडली असती, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मोठ्या गिरणीचा किंवा मोठ्या इमारतीचा मालक वकील लावतो, रक्कम भरतो, स्थगिती मिळवतो आणि वर्षानुवर्षं भांडतो. एका खोलीचा मालक नोटीस घेऊन शेजारच्या बाईंकडे येतो.

दिवाणी कायद्यातली एक तरतूद वाचून मी बराच वेळ थांबले होते. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या साठाव्या कलमात, कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी काय काय जप्त करता येत नाही त्याची यादी आहे. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं. आणि पुढं, शेतकरी, मजूर किंवा घरगडी ज्या घरात स्वतः राहतो ते घर. शंभर वर्षांहून जुन्या कायद्याला एवढं उमगलं होतं की माणसाला देणं फेडायचं असेल तर त्याला आधी झोपायला जागा आणि काम करायला हात हवेत. सावकारानं न्यायालयातून हुकूमनामा आणला तरी विडी कामगार बाईचं राहतं घर त्या कलमाच्या आडोशाला उभं राहू शकतं. घरपट्टीला मात्र हा आडोसा नाही. कर घरावरच आहे, बोजा घरावरच आहे, त्यामुळे वसुलीही घरातूनच.

या घरांची किंमत काय असते ते सोलापूरकरांना सांगायला नको. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली. मग रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प. जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांबरोबर या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या, उन्हात बसत होत्या. एका घरासाठी माणूस किती वर्षं चालतो, हे या गावानं डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्याच गावात पेठेतलं जुनं घर एका न वाचलेल्या नोटिशीनं हातचं जाऊ शकतं.

हद्दवाढ भागातली गोष्ट आणखी निराळी. १९९२ मध्ये शहराची हद्द वाढली, शेळगी, बाळे, मजरेवाडी, देगाव अशी गावं आत आली. तिथं लोकांनी गुंठा-दोन गुंठे घेतले, पुष्कळांनी खरेदीखत न करता नुसत्या बाँडपेपरवर. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं काही नियमित झाले, काही राहिले. अशा घरात मालकीचा म्हणून दाखवायला एकच कागद असतो, तो म्हणजे पट्टीची पावती. लोक ती लोखंडी पेटीत, देवाच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. कायदा सांगतो की पट्टी भरली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. आणि पट्टी थकली की मात्र त्याच नोंदीवरून जप्ती येते. घेण्यासाठी नोंद पुरते, देण्यासाठी पुरत नाही. हे मला न्यायाचं वाटत नाही.

अमेरिकेतला एक खटला मी मुद्दाम वाचला. मिनिआपोलिस शहरात जेराल्डिन टायलर नावाच्या बाईंची एक सदनिका होती. वयोमानामुळे त्या दुसरीकडे राहायला गेल्या, कर थकला. मूळ कर सुमारे २,३०० डॉलर, व्याज-दंड धरून १५,००० पर्यंत गेला. काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, घर ४०,००० डॉलरला विकलं, आणि वरचे २५,००० सुद्धा स्वतःकडेच ठेवले. तिथला कायदाच तसा होता. बाई चौऱ्याण्णव वर्षांच्या झाल्या तेव्हा, २५ मे २०२३ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की सरकारनं आपला कर घ्यावा, पण त्यावरचा पैसा घेणं म्हणजे मोबदला न देता मालमत्ता काढून घेणं आहे. नऊच्या नऊ न्यायमूर्ती. एरवी ज्यांचं आपसात पटत नाही तेही.

आपल्याकडे विक्रीतून वर उरलेली रक्कम मालकाची, हे तत्त्व मान्य आहे. पण ती मालकानं मागायची असते. आणि इथं पुन्हा तोच प्रश्न, मालक कोण? नोंदीतला सासरा? त्याची तीन मुलं? त्यातला एक भिवंडीला, एक मुलगी करीमनगरला दिलेली, एक वारलेला, त्याची बायको लक्ष्मव्वा. लिलावात घर कधी बाजारभावानं जात नाही; त्यातही आत माणसं राहताहेत, वाटण्या झालेल्या नाहीत, अशा घराला बोली लावायला येतो तो पडत्या भावाची वाट बघत बसलेलाच असतो. म्हणजे वरची रक्कम आधीच आखडलेली, आणि ती मागायला वारसाचा दाखला हवा.

राज्यातल्या काही शहरांनी थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवायची मोहीम काढली होती. नाशकात तर तिचं नावच 'ढोल बजाव' होतं. मोठ्या थकबाकीदारांसाठी असेल, वसुली वाढतही असेल. पण मला ते पटत नाही. आमच्या गल्लीत ढोल लग्नाला वाजतो, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढं वाजतो. तो कुणाच्या दारात लाज वाजवायला उभा राहिला, तर त्या घरातली पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत कशी येईल, हे मी तीस-चाळीस वर्गांच्या पोरींकडे बघून सांगू शकते. लहान घरांच्या दारात तरी हे कुणी कधी करू नये.

मग करायचं काय? माझ्या मनात मोठी योजना नाही, पण काही गोष्टी अगदी स्पष्ट आहेत. घरावर जप्तीचा कागद लावण्याआधी एक माणूस त्या दारात जाऊन विचारून आला पाहिजे: इथं कोण राहतं, नोंदीतला माणूस जिवंत आहे का, पुढच्या खोलीत माग आहे की पलंग? एवढ्या तीन प्रश्नांनी निम्मे गुंते दिसून येतील. नोटीस तेलुगूत आणि कन्नडमध्येही द्या. या शहरात ही काही अवघड गोष्ट नाही, निवडणुकीची पत्रकं छापताना सगळ्यांना जमतं. राहतं एकच लहान घर असेल तर मुद्दल हप्त्यानं घ्या आणि हप्ते चालू आहेत तोवर शास्तीचं मीटर थांबवा. आणि वारस नोंदीची शिबिरं पेठेत येऊन घ्या, विड्यांच्या ब्रँचच्या बाहेर, माल जमा करायच्या वेळेला. त्या वेळेला सगळ्या बायका तिथंच असतात.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट मिळते. सोलापूरच्या तिजोरीला ती झेपेल का, यावर वाद होऊ शकतो. मला वाटतं, सरसकट सूट इथं नकोच. आमच्या गल्लीत कुणी माफी मागत नाही. अव्वांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "महिन्याला पाचशे घेत्यात का?" पाचशे त्या देऊ शकतात. पंच्याऐंशी हजार एका मार्चमध्ये देऊ शकत नाहीत.

ज्यांच्या घरी असा कागद पडून आहे त्यांच्यासाठी एक सांगते. नोंदीतलं नाव गेलेल्या माणसाचं असलं म्हणून चालू पट्टी भरायचं थांबू नका. पैसे कुणीही भरले तरी चालतं, पावती त्या घराच्या क्रमांकावर निघते. ती जपून ठेवा. मृत्यूचा दाखला आधी काढा. जुना असेल तर वेळ लागतो, म्हणून तो आधी. मग वारसांची यादी, सगळ्यांची संमती. खोलीचा वापर बदलला असेल तर नोंद करताना त्याच वेळी तोही अर्ज द्या, नाहीतर नवीन नावावर जुनीच आकारणी चिकटून येते. आणि जे काही द्याल त्याची पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून.

लक्ष्मव्वांचं काम इथवर आलं आहे. सासऱ्यांचा दाखला मिळाला. नवऱ्याचा होताच. भिवंडीच्या दिरांनी फोनवर हो म्हटलं, पण कागदावर सही हवी म्हटल्यावर दोन महिने फोन उचलला नाही. त्यांना वाटलं, भावजय घर एकटीच्या नावावर करून घेतेय. मी त्यांच्याशी बोलले. अर्जात तिन्ही शाखांची नावं येणार आहेत, हे वाचून दाखवलं, फोटो पाठवला. करीमनगरच्या नणंदेनं मात्र पहिल्याच फोनला विचारलं, "वदिने," म्हणजे वहिनी, "घर राहील ना?" नारळी पौर्णिमेला रथोत्सवासाठी दोघंही सोलापुरात येताहेत. अर्ज टाइप करून तयार आहे, सह्यांच्या तीन जागांवर मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे, आणि पुढच्या खोलीत आता माग नाहीत हे लिहिलेला दुसरा अर्ज त्याला टाचणीनं जोडला आहे.